पाच दिवस, पाच गोळ्या: केमोनंतर उडालेल्या झोपेचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात वैद्यकीय अधिकारी आहे. तीस खाटा, साधी प्रयोगशाळा, एक ईसीजी मशीन आणि महिन्यातून एकदा जिल्ह्याहून येणारे मनोविकारतज्ज्ञ, एवढा आमचा पसारा. कर्करोगावरचा उपचार आमच्याकडे होत नाही. पण नागपूरला केमो घेऊन माणूस एका दिवसात गावी परततो आणि पुढच्या वीस दिवसांत जे काही होतं ते आमच्याच दारात येतं. हे प्रकरण त्या वीस दिवसांचं आहे. रुग्णाची आणि घरच्यांची परवानगी घेऊन लिहितो आहे. नाव, गाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

रामभाऊ, वय ५४. पाच एकर कोरडवाहू वावर, कपाशी आणि तूर. घरात बायको, मुलगा, सून, सहा वर्षांचा नातू. स्वभावानं अबोल, गावात 'रामभाऊ हाव म्हनला म्हंजे झालं' अशी ख्याती. आधी कधी मानसिक आजार नाही, कुटुंबातही कुणाला नाही. मोहाची दारू पोळा-होळीपुरती, तीही दोन वर्षांपासून बंद. खर्रा मात्र आजार कळेपर्यंत सुरू होता.

मे महिन्यात मानेवर गाठी आल्या. बायोप्सीत लिम्फोमा, म्हणजे लसिकाग्रंथींचा कर्करोग निघाला, डिफ्यूज लार्ज बी-सेल प्रकारचा. हा आजार वेगानं वाढतो, पण औषधांना चांगली दाद देतो आणि पूर्ण बरा होऊ शकतो. पुढची सगळी ओढाताण समजायला हे 'बरा होऊ शकतो' लक्षात ठेवावं लागेल. महात्मा जोतिराव फुले योजनेत उपचार बसला आणि आर-चॉप ठरलं: दर २१ दिवसांनी एक, अशा सहा सायकल. गावात सायकल कुणी म्हणत नाही, 'डोस' म्हणतात. यात पाच औषधं असतात. चार औषधं दवाखान्यात सलाईनमधून एका दिवसात जातात. त्यातलं एक लालभडक असतं आणि त्यानं दिवसभर लघवीला लालसर रंग येतो. त्याचीच सगळ्यांना भीती वाटते. पाचवं औषध म्हणजे प्रेडनिसोलोन, स्टेरॉइडच्या गोळ्या, रोज १०० मिलिग्रॅम, पाच दिवस, घरी घ्यायच्या. त्यांची भीती कुणालाच वाटत नाही.

आपलं शरीर दिवसभरात जेवढं कॉर्टिसॉल तयार करतं ते प्रेडनिसोलोनच्या हिशेबात पाच-सात मिलिग्रॅम भरतं. म्हणजे ही मात्रा किती, ते बघा. १९७२ साली बोस्टनच्या एका अभ्यासात प्रेडनिसोन (प्रेडनिसोलोनचंच भावंड) घेणाऱ्या रुग्णांची नोंद ठेवली होती: रोज ४० मिलिग्रॅमपर्यंत घेणाऱ्यांत मानसिक लक्षणं १.३ टक्के, ८० च्या वर घेणाऱ्यांत १८.४ टक्के. हे आकडे मी एमबीबीएसला पाठ केले होते. पाठ असणं आणि वेळेवर आठवणं यातलं अंतर पुढे दिसेलच.

पहिला डोस: जे बरं वाटलं तेच चुकलं

जुलैतल्या पहिल्या डोसानंतर पाचव्या दिवशी रामभाऊ टाके काढायला आमच्याकडे आले. गाठी निम्म्यावर आल्या होत्या, भूक लागत होती आणि ते बोलत होते. बरंच बोलत होते. त्यांची बायको, म्हणजे काकू, कौतुकानं म्हणाल्या, "पयल्यांदाच एवढे खुलले जी. राती तीन वाजता उठून गोठा झाडला यायनं."

मी हसलो. गाठी बसल्यात, माणूस खूश आहे, चांगलं लक्षण आहे असं बोललो आणि टाके काढले. केसपेपरवर त्या दिवशीची माझी नोंद आहे: 'रुग्ण उत्साही, तक्रार नाही.' रात्री तीनला उठणारा माणूस दिवसा थकलेला नाही, हे वाक्य समोर आलं होतं आणि मी ते ऐकून सोडून दिलं. झोप न येणं आणि झोपेची गरजच न वाटणं यातला फरक दोन प्रश्नांत कळतो. ते दोन प्रश्न मी विचारले नाहीत. गोळ्या संपल्या, दोन दिवस ते गळून गेल्यासारखे होते, मग पूर्वपदावर आले. 'केमोचा थकवा' या एका शब्दात सगळं मावलं.

अडचण: ऑगस्टचा पहिला आठवडा

दुसरा डोस ३१ जुलैला झाला. २ ऑगस्टच्या रात्री ते दोन तास झोपले, त्यानंतर तेवढंही नाही. ४ तारखेला पहाटे फवारणीचा पंप सुटा करून त्याला तेलपाणी केलं, बैलांना अंधारात धुतलं, सरपंचाला फोन करून उठवलं आणि सगळ्या गावासाठी स्वखर्चानं विहीर खोदून देतो म्हणून सांगितलं. त्याच दिवशी शेजारच्या गावात जाऊन जुन्या ट्रॅक्टरचा सौदा केला आणि कपाशीच्या खताला ठेवलेले अकरा हजार इसार म्हणून देऊन आले. मुलानं अडवलं तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी त्याच्यावर हात उगारला.

त्या संध्याकाळी मुलाचा मला फोन आला. "सर, बाबा झोपतच नाईत." ओपीडी संपत आली होती, बाहेर पाऊस होता. मी फोनवरच अल्प्राझोलामची गोळी सांगितली. ही माझी दुसरी चूक. त्या गोळीनं ते झोपले नाहीत, नुसते चिडले.

६ तारखेला, म्हणजे डोसाच्या सातव्या दिवशी, चौघांनी मिळून त्यांना गाडीत घालून आणलं. मुलगा चहात काहीतरी कालवतो, असं त्यांच्या मनानं घेतलं होतं. दोन दिवस त्याच्या हातचं पाणीही घेतलं नव्हतं. बोलणं सलग, मध्ये टाचणी शिरणार नाही असं. डोळे लाल, ओठ सुकलेले, तरी चेहऱ्यावर तेज. मला पाहून म्हणाले, "डाक्टरसाहेब, तुमी थकलेले दिसून रायले. बसा. मी पाहतो तुमचे पेशंट."

निर्णय पहिला: हे नेमकं काय आहे?

केमोवरचा माणूस असं वागू लागला की कारणं बरीच असू शकतात. डोसाच्या सातव्या ते चौदाव्या दिवसांत पांढऱ्या पेशी तळाला जातात, तेव्हा जंतुसंसर्ग होऊन भ्रम, म्हणजे शुद्ध हरवून गोंधळणं, होऊ शकतो. आर-चॉपमधल्या व्हिन्क्रिस्टिननं रक्तातलं सोडियम घसरू शकतं. स्टेरॉइडनं साखर चढते. लिम्फोमा मेंदूपर्यंत जाऊ शकतो. दारू सुटल्यावरचा भ्रमही असतो. म्हणून काकूंना बाजूला घेऊन मोहाचं पुन्हा विचारलं. एकही घोट नाही.

ताप नव्हता. नाडी १०८. साखर २८६. सोडियम आमच्याकडे होत नाही, गावातल्या खासगी लॅबमध्ये नमुना पाठवला, १३४ आलं, म्हणजे जवळपास ठीक. पांढऱ्या पेशी २१००, बऱ्याच कमी. हातापायांत जोर सारखा, डोकेदुखी नाही, नजर ठीक.

मग मी त्यांना महिने उलटे म्हणायला सांगितलं. भ्रमातल्या माणसाचं लक्ष टिकत नाही, तो दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात हरवतो. रामभाऊंनी विचारलं, "इंग्रजी का मराठी?" आणि उत्तराची वाट न पाहता फाल्गुन, माघ, पौष करत चैत्रापर्यंत आले, वर प्रत्येक महिन्यात वावरात काय असतं तेही सांगितलं. एक चूक नाही. वार, तारीख, ठिकाण सगळं बरोबर. शुद्ध जागेवर होती, फक्त गती सुटली होती. हा भ्रम नव्हता, उन्माद होता.

कारण सापडलं ते काकूंच्या पिशवीत. गोळ्यांची रिकामी पाकिटं त्या जपून ठेवतात, योजनेच्या कागदांसारखी. प्रेडनिसोलोन २० मिलिग्रॅम, दहाच्या तीन पट्ट्या, तिन्ही रिकाम्या. रोज पाच, पाच दिवस म्हणजे पंचवीस. मग तीस कशा संपल्या? काकू म्हणाल्या, "पाच उरल्या होत्या जी. वाया कायले घालवाच्या म्हनून त्यायनं सहाव्या दिवशी घेऊन टाकल्या." आणि कधी घेत होते? रात्री. चिठ्ठीवर 'जेवणानंतर' लिहिलं होतं, आणि या घरात पोटभर जेवण रात्रीच होतं. त्यात केमोच्या दिवशी उलटी होऊ नये म्हणून डेक्सामेथासोनचं ८ मिलिग्रॅमचं इंजेक्शनही दिलेलं होतं. तेही स्टेरॉइडच, प्रेडनिसोलोनच्या हिशेबात आणखी पन्नासेक मिलिग्रॅम.

मी एका कोऱ्या कागदावर वर गोळ्यांच्या तारखा लिहिल्या, खाली झोपेचे तास. दोन्ही ओळी एकमेकींना अशा चिकटल्या की मुलानं माझ्या आधी बोट ठेवलं. "सर, मंग पयल्या डोसालेबी असंच झालं होतं." हो. तेव्हा टाके काढणारा मीच होतो.

निर्णय दुसरा: ठेवायचं कुठे?

चार वाटा होत्या. नागपूरच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात पाठवणं: तिथे उपचार झाले असते, पण पांढऱ्या पेशी २१०० असलेला माणूस गर्दीच्या वॉर्डात ठेवणं मला धोक्याचं वाटलं, शिवाय 'रामभाऊले पागलखान्यात नेलं' हे गावानं पुढची वीस वर्षं विसरलं नसतं. १०८ बोलावून परत कर्करोग रुग्णालयात पाठवणं: चार तासांचा रस्ता, आणि उन्मादातला माणूस चालत्या गाडीत. घरी गोळ्या देऊन पाठवणं: घरातल्या ज्याच्यावर सगळी भिस्त त्याच मुलावर संशय, त्यामुळे ते जमणारं नव्हतं. चौथी वाट म्हणजे आमच्याकडेच ठेवणं. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ च्या कलम ९४ नुसार जिवाला धोका असेल तर कोणताही नोंदणीकृत डॉक्टर ७२ तासांपर्यंत तातडीचे उपचार करू शकतो. आमच्याकडे हे कलम फारसं कुणी वापरत नाही. मीही पहिल्यांदाच वापरलं.

जिल्ह्याच्या मनोविकारतज्ज्ञांना फोन केला, नागपूरच्या कर्करोगतज्ज्ञांना केला. दुसरा फोन लागायला दीड तास गेला. दोघांचं एकमत झालं: स्टेरॉइड आता संपलेलंच आहे, इतक्या थोड्या दिवसांच्या कोर्सनंतर हळूहळू कमी करायची गरज नाही. उन्माद उतरवणारं ऑलान्झापिन सुरू करा, ईसीजी आधी काढा, साखरेवर नजर ठेवा, ताप आला तर ताबडतोब पाठवा. मेंदूचं एमआरआय चार दिवस थांबून, उतार पडला नाही तर.

गोळी घेणार कुणाच्या हातून, हा खरा प्रश्न होता. मुलाच्या हातून नाही, सिस्टरच्या हातून नाही, माझ्या हातून तर नाहीच, मी त्यांच्या लेखी थकलेला पेशंट. सून पुढे आली. तिनं जिभेवर विरघळणारी गोळी वाटीत ठेवली आणि शेजारी स्वतःची बी-कॉम्प्लेक्सची ठेवली. "बाबा, आपुन दोघं संग घेऊ." त्यांनी घेतली. पुढचे तीन दिवस हाच विधी.

निर्णय तिसरा: भगत

दुसऱ्या दिवशी रामभाऊंचे थोरले भाऊ आले. त्यांचं मत स्वच्छ होतं: बाहेरचं आहे, ट्रॅक्टर घेतला त्या गावच्या शिवेवर काहीतरी ओलांडलं असणार, भगताकडे न्यावं लागेल. त्या ठिकाणी मोठी गर्दी असते, रात्रभर बसवतात, उपास घडवतात.

इथे दोन मार्ग होते. अंधश्रद्धेवर भाषण देता आलं असतं. तसं केलं असतं तर ते रात्री कुणाला न सांगता त्यांना घेऊन गेले असते, हे मी आधी दोनदा पाहिलेलं आहे. मी त्यांना रक्ताचा कागद दाखवला. "दादाजी, हे पांढऱ्या पेशींचे आकडे. आत्ता अंगात राखणदारच कमी आहेत. गर्दीत कुणाचा खोकला लागला तर कॅन्सरनं नाही, त्या खोकल्यानं जीव जाईल. आठ दिवस घराबाहेर नाही. अंगारा इथं आणून लावा, माझी हरकत नाही. पण बांधायचं नाही, उपाशी ठेवायचं नाही, गोळी चुकवायची नाही."

ते बराच वेळ आकड्याकडे पाहत राहिले. मग अंगारा आणला, लावला, आणि रोज कॉटशेजारी बसू लागले. काही सहकाऱ्यांना ही तडजोड पटली नाही. मला मात्र ती पुन्हा करावी लागली तर मी करेन.

तिसऱ्या रात्री, ८ ऑगस्टला, रामभाऊ सलग नऊ तास झोपले. साखर १६८ वर आली. सकाळी त्यांनी मुलाला चहा मागितला.

उतार, आणि त्याखाली जे होतं ते

आम्ही सगळे सुटल्यासारखे झालो, आणि याच वेळी मी सावध असायला हवं होतं. स्टेरॉइडचा जोर ओसरल्यावर मन खाली कोसळू शकतं. आमच्या बाबतीत ते १४ ऑगस्टच्या आसपास झालं. रामभाऊ जेवेनात. दिवसभर ओसरीच्या खांबाला टेकून. ट्रॅक्टर, सरपंच, मुलावर उगारलेला हात, हे सगळं त्यांना आठवत होतं, एकूणएक. "साऱ्या गावानं पायलं," एवढंच ते म्हणत.

आमच्या भागात 'औषध' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. दवाखान्यात मिळतं ते औषध, आणि फवारायचं तेही औषध. रात्री फोन येतो, "सर, औषध घेतलं," तेव्हा मी पहिला प्रश्न विचारतो, कोणतं? २०१७ साली याच जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी-मजूर दगावले तेव्हापासून मास्क, हातमोजे यांबद्दल बरंच बोललं गेलं. बाटली घरात कुठे असते याबद्दल कमी. ऑगस्ट म्हणजे फवारणीचे दिवस. रामभाऊंच्या घरी ती गोळ्यांच्या पिशवीशेजारच्या कोनाड्यात होती.

हे लक्षात आलं ते आशाताईंच्या. शेतकऱ्यांच्या मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी प्रेरणा प्रकल्पामुळे नैराश्याच्या खुणा विचारायची त्यांना सवय आहे. काकू सहज बोलल्या की हे काल 'औषध किती उरलं' विचारत होते. आशाताईंनी विचारलं नाही कोणतं. त्यांनी कोनाड्याकडे पाहिलं आणि मला फोन केला.

मी संध्याकाळी घरी गेलो. घरच्यांना बाहेर पाठवून सरळ विचारलं, "काकाजी, जीव द्यावासा वाटतो का?" असं विचारल्यानं डोक्यात नसलेला विचार येतो, हा समज डॉक्टरांतही आहे. तो खरा नाही. रामभाऊ बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "वाटते. पन करत नाई. नातू हाय." आणि मग, जणू माझीच समजूत काढायला, "डाक्टरसाहेब, मी येडा झालतो का?"

मी म्हणालो, "नाही. तुमच्या पोटात सहा दिवस शंभर-शंभर मिलिग्रॅम स्टेरॉइड होतं. दुसऱ्या कुणाच्या पोटात असतं तर त्यानंही कदाचित ट्रॅक्टर घेतला असता." ते किंचित हसले. या एका वाक्यानं जेवढं झालं तेवढं पुढच्या दोन आठवड्यांत गोळीनं झालं नसेल. तेच वाक्य डोस सुरू व्हायच्या आधी कुणीतरी बोलायला हवं होतं.

त्या रात्री फवारणीच्या बाटल्या घरातून हलल्या. भावाच्या वावरातल्या खोलीत, पेटीत, कुलूप लावून, किल्ली सुनेकडे. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर कोनाड्याच्या वर खडूनं लिहिला. मनोविकारतज्ज्ञांनी ऑलान्झापिन कमी मात्रेत चालू ठेवलं. नैराश्याची वेगळी गोळी लगेच सुरू करू नका म्हणाले, कारण उन्माद ताजा होता आणि पुढचं स्टेरॉइड दाराशी उभं होतं. दर दोन दिवसांनी मी किंवा आशाताई जात राहिलो.

निर्णय चौथा: तिसरा डोस द्यायचा का?

रामभाऊ नाही म्हणाले. भाऊ नाही म्हणाले. "गाठी तं बसल्या ना." काकू काहीच बोलल्या नाहीत. ठरलेली तारीख टळून सहा दिवस गेले.

मला वाटत होतं, सोपं आहे, प्रेडनिसोलोन वगळा. कर्करोगतज्ज्ञांनी फोनवर मला थांबवलं. या उपचारात प्रेडनिसोलोन उलटीसाठी किंवा भुकेसाठी नसतं, ते स्वतः लिम्फोमाच्या पेशी मारतं. बरा होण्याजोग्या आजारात एक खांब काढून घ्यायचा का, हा प्रश्न होता. उरलेले पर्याय असे: मात्रा कमी करणं, किंवा मात्रा तीच ठेवून ऑलान्झापिनचं संरक्षण देणं. पहिल्या वेळी झालं म्हणून पुढच्या वेळी होईलच असं स्टेरॉइडच्या बाबतीत छातीठोक सांगता येत नाही, आणि होणार नाही असंही नाही.

शेवटी ठरलं ते असं. प्रेडनिसोलोन पूर्ण मात्रेत, पण पाचही गोळ्या सकाळी आठच्या आत. दवाखान्यातून मोजून पंचवीसच. डेक्सामेथासोनचं इंजेक्शन बंद. प्रेडनिसोलोन असताना त्याची वेगळी गरज नाही, आणि ऑलान्झापिन स्वतःच केमोच्या उलटीवर चांगलं काम करतं. ऑलान्झापिन डोसाच्या आदल्या रात्रीपासून. आणि भिंतीवरच्या कालनिर्णयावर सुनेनं रोज झोपेचे तास लिहायचे. पाच तासांच्या खाली गेले की त्याच दिवशी मला फोन, दुसऱ्या दिवशी नाही.

हे सगळं मी रामभाऊंसमोर मांडलं, घरच्यांसमोर नाही. निर्णय त्यांचा होता. त्यांनी एकच अट घातली: पुन्हा तसं झालं तर मुलानं त्यांना खोलीत कोंडावं, पण पैशाला हात लावू देऊ नये. बँकेचं पासबुक आणि एटीएम त्यांनी स्वतः सुनेकडे दिलं. शुद्धीत असताना लिहून ठेवलेली ही इच्छा, साध्या वहीच्या पानावर, त्यांची आणि माझी सही. कोंडायचं मात्र मी खोडायला लावलं, त्याऐवजी 'दवाखान्यात आणावं' असं लिहिलं.

२७ ऑगस्टला तिसरा डोस झाला. झोपेचे आकडे सहा, साडेपाच, सहा, सहा, सात. सातव्या दिवशी पोळा होता. गर्दीत जाऊ नका म्हटलं होतं, त्यांनी दारातच बैल सजवले, तोंडाला मास्क लावून.

चौथा डोस: खोटी घंटा

१८ सप्टेंबरला, डोसाच्या दुसऱ्या दिवशी, मुलाचा फोन: "सर, परत सुरू झालं." मी नव्हतो, त्यांनी जवळच्या एका दवाखान्यात नेलं होतं, तिथं मळमळीवर मेटोक्लोप्रामाइडचं इंजेक्शन दिलं होतं. तासाभरात रामभाऊ एका जागी बसेनात. उठायचे, चार पावलं, परत बसायचे, पाय हलतच.

कालनिर्णयावर आदल्या रात्रीचे तास साडेसहा होते. मी फोनवरच विचारलं, "काकाजी, मनात काय आहे? विहीर वगैरे?" ते वैतागले, "विहीर कायची जी, पायात मुंग्या सोडल्यावानी होऊन रायलं, बसू देत नाई." तेव्हा कळलं. मेटोक्लोप्रामाइडनं अशी बेचैनी येते, आणि ऑलान्झापिनसोबत तर ते टाळायलाच हवं. ऑलान्झापिन वाढवलं असतं तर बेचैनी आणखी वाढण्याची भीती होती. ते इंजेक्शन पुन्हा द्यायचं नाही, दोन रात्री क्लोनाझेपाम. दुसऱ्या दिवशी ते निवांत बसले. काकूंच्या पिशवीतल्या फाईलवर मी लाल पेनानं मोठ्या अक्षरात त्या इंजेक्शनचं नाव लिहून काट मारली. पाचवा आणि सहावा डोस काही न होता पार पडला. सहावा दिवाळीच्या तोंडावर.

आज वेगळं काय करेन

पहिल्या डोसानंतरच्या 'उत्साहा'वर थांबेन. नागपूरहून कागद घेऊन आलेल्या प्रत्येक लिम्फोमाच्या रुग्णाला आता मी पहिल्याच भेटीत सांगतो की या गोळ्यांनी झोप उडू शकते, माणूस भलत्याच जोरात येऊ शकतो, नंतर खचू शकतो. आणि ते गोळीचं काम असतं, त्याचं नाही. यानं कुणी गोळ्या सोडल्या नाहीत अजून. झोपेच्या तक्रारीवर फोनवर गोळी सांगत नाही. फवारणीच्या बाटलीचा प्रश्न उताराच्या दिवसाची वाट न पाहता पहिल्याच दिवशी विचारतो, कारण ऑगस्टमध्ये ती प्रत्येक घरात असते.

एका गोष्टीबद्दल माझं अजून पक्कं नाही. पहिल्या तीन दिवसांत त्यांना घरी जायचं होतं, आणि कायद्यानं मला थांबवता येत होतं म्हणून मी थांबवलं. ते बरोबर होतं असं मला वाटतं. पण सुनेच्या वाटीतल्या दोन गोळ्या नसत्या तर मी काय केलं असतं, याचं उत्तर माझ्याकडे नाही.

परिणाम

शेवटच्या तपासणीत आजाराचा मागमूस नव्हता. ऑलान्झापिन शेवटच्या स्टेरॉइडनंतर महिन्याभरात हळूहळू बंद केलं. आठ महिने झाले, मन आणि झोप दोन्ही जागेवर आहेत. साखर अजून थोडी वर राहते, गोळी सुरू आहे. इसाराचे अकरा हजार पूर्ण परत आले नाहीत. ट्रॅक्टरवाल्यानं सात दिले, चार 'बोलणं मोडल्याचे' म्हणून ठेवले. त्यावरून दोन्ही गावांत अजून बोलणं बंद आहे.

मागच्या महिन्यात ते तपासणीला आले. मुलगा बाहेर गाडी लावत होता. रामभाऊ पूर्वीसारखेच अबोल, विचारलं तेवढंच उत्तर. उठताना दारात थांबले.

"एक सांगू का जी? पोट्ट्याले सांगू नका." मग जरा खाली पाहून, "त्या चार राती मले लय बरं वाटत होतं. आख्ख्या जिनगानीत असं बरं वाटलं नाई कधी."

मुलगा आत आला. रामभाऊंनी पिशवी उचलली, आणि दोघं औषधाच्या खिडकीकडे गेले.